नदीचा जमाखर्च

नाग नदी नागपूरचें सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते. त्या पाण्यांत मासा जगेल काय, हें एकट्या जीवशास्त्रास सांगतां येत नाहीं. पाण्याची उष्णता व वेगहि पाहावा लागतो. २० अंश सेल्सिअसच्या स्वच्छ पाण्यांत लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. ३५ अंशांस सुमारें ७. म्हणजे उन्हाळ्यांत जमा घटते आणि जंतूंचा खर्च वाढतो. १९२५ सालीं स्ट्रीटर व फेल्प्स यांनीं अमेरिकेंतील ओहायो नदीसाठीं हीं दोन्ही गणितें एका समीकरणांत जोडलीं. त्यावरून कळतें कीं, प्राणवायूचा नीचांक सांडपाणी पडतें तेथें नव्हे, कांहीं अंतर पुढें येतो. म्हणून शहराच्या घाणीचा हिशेब वेशीपाशीं मिटत नाहीं. तो खालच्या गांवांपर्यंत मांडला पाहिजे.