चेहऱ्यावरील सुरकुत्या आणि सुईचा बाजार



म्हातारपण कोणाला चुकत नाही, हे या सभागृहात नव्याने सांगायला नको. पण ते चेहऱ्यावर दिसू नये यासाठी यारी रोडपासून लोखंडवालापर्यंत जी क्लिनिके आणि पार्लरे निघाली आहेत, त्यांच्याविषयी बोलायला हवे. कारण तिथे मदतनीस म्हणून आपल्याच मुली कामाला लागतात, आणि निम्म्या दरात होते म्हणून सुईही टोचून घेतात. त्यांना आम्ही नावे ठेवणार नाही. मालिका-चित्रपटांच्या या भागात तरुण दिसणाऱ्यालाच काम मिळते. हा नुसता हौसेचा नव्हे, पोटाचाही प्रश्न आहे.

२७ जून २०२५ च्या रात्री अभिनेत्री शेफाली जरीवाला यांचे अंधेरीत वयाच्या ४२ व्या वर्षी निधन झाले. त्या वय लपविणारी औषधे घेत होत्या आणि त्यांत ग्लुटाथिओन होते, असे वृत्तपत्रांनी छापले. औषधामुळेच मृत्यू झाला असे सिद्ध झालेले नाही. तसे बोलणे त्यांच्यावर व कुटुंबावर अन्याय होईल. पण ग्लुटाथिओन म्हणजे काय, हे जाणून घ्यायला हरकत नाही. आपल्या पेशींत आपोआप तयार होणारे ते एक द्रव्य आहे. त्वचा उजळण्यासाठी ते टोचण्यास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिलेली नाही, उलट अशा इंजेक्शनांविरुद्ध इशारा दिला आहे.

बोटॉक्सची गोष्ट निराळी. नीट न केलेल्या डबाबंद अन्नात वाढणाऱ्या जिवाणूचे हे विष, अत्यंत सूक्ष्म मात्रेत. मज्जातंतू ज्या रसायनाने स्नायूला आकुंचनाचा निरोप देतो ते रसायन सुटूच द्यायचे नाही, एवढे त्याचे काम. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरले आणि १९८९ मध्ये अमेरिकेत डोळ्यांच्या विकारांसाठी त्याला मान्यता मिळाली. पुढे कॅनडातील नेत्रतज्ज्ञ जीन कॅरदर्स यांच्या लक्षात आले की, पापण्यांच्या झटक्यांसाठी हे इंजेक्शन घेणाऱ्यांच्या कपाळावरील आठ्याही जातात. २००२ मध्ये आठ्यांसाठीही मान्यता आली. योग्य हातांत ते बऱ्यापैकी सुरक्षित आहे. मात्र परिणाम टिकतो तीन-चार महिने. आम्ही बँकेतील माणसे इथेच अडखळतो. चार महिन्यांच्या कपाळासाठी बारा महिन्यांचे हप्ते, आणि ते फिटण्याआधी पुढची सुई!

फिलरचे इंजेक्शन त्याहून जपून घेण्याचे. गाल भरणारे जेल रक्तवाहिनीत गेले तर त्वचा मरते, क्वचित दृष्टीही जाते. हायल्युरोनिक आम्लाचे जेल विरघळविणारे औषध आहे. पण ते जवळ ठेवणारा आणि वेळेवर वापरणारा डॉक्टर समोर हवा ना!

सुरकुत्या येतात कशाने? वयाने, धूम्रपानाने आणि उन्हाने. २०१२ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात २८ वर्षे ट्रक चालविलेल्या ६९ वर्षांच्या चालकाचे छायाचित्र आले होते. खिडकीकडील डावा गाल उजव्यापेक्षा कितीतरी म्हातारा! काचेतून आत येणाऱ्या अतिनील किरणांचा तो परिणाम. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून आपल्या टॅक्सीवाल्या बांधवांनी उजवा गाल आरशात पाहावा. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर भर उन्हात मासळी सुकविणाऱ्या कोळी भगिनींचे चेहरेही उन्हानेच लवकर रापतात. डोक्यावर पदर, टोपी किंवा छत्री यांना हप्ता लागत नाही.

तरीही ज्यांना जायचेच आहे त्यांनी सुई टोचणाऱ्याचा नोंदणी क्रमांक विचारावा. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तो पडताळता येतो. कुपी दाखवायला सांगावी, तिच्यावरील नाव व मुदत लिहून घ्यावी. पार्लरवाली बाई कितीही ओळखीची असली तरी तिच्याकडून इंजेक्शन घेऊ नये. कूपर रुग्णालयात केसपेपर काढून त्वचारोगाच्या डॉक्टरांना आधी विचारण्यात कमीपणा नाही. नोंदणी क्रमांक कसा पडताळायचा ते ज्यांना पाहायचे असेल त्यांनी सभेनंतर थांबावे, आम्ही दाखवू.