थोरल्यांचा अंमल

बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतील पुष्कळ वाड्यावस्त्यांवर जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच असते. त्यामुळे कालपरवापर्यंत घंटा देणारा, प्रार्थना सांगणारा आणि पहिलीतल्या पोरांचे तंटे मिटविणारा मुलगा जूनमध्ये सुपे, भिगवण किंवा निमगाव केतकी अशा मोठ्या गावच्या विद्यालयात पाचवीला दाखल होतो, तेव्हा एका दिवसात तो सर्वांत थोरल्याचा सर्वांत धाकटा होऊन बसतो. या पदच्युतीची नोंद कोणत्याही दप्तरी होत नाही. दाखल्यावर वर्तणूक ‘चांगली’ असा शेरा असतो, एवढेच.

सकाळच्या एस.टी.त नवा अंमल उघड दिसतो. मागचे लांब बाकडे दहावीच्या मुलांचे. खिडकीशी पाचवीतला कोणी बसलाच, तर “ए बारक्या, ऊठ” एवढा हुकूम पुरतो, आणि तो मुकाट्याने उठून, एक स्वतःचे व एक हुकूम करणाऱ्याचे अशी दोन दप्तरे पोटाशी धरून उभा राहतो. परंतु संध्याकाळी स्थानकावर गर्दी लोटली, म्हणजे त्याच बारक्याला दंडाला धरून आधी गाडीत चढविणारा हातही पुष्कळदा त्याच थोरल्याचा असतो. म्हणूनच थोरल्या मुलांना सरसकट दांडगट ठरविणे मला अन्यायाचे वाटते. चार-पाच वर्षांपूर्वी त्यालाही कोणीतरी उठविलेलेच असते. शाळेने त्याला वयाचा मान दिला, पण त्या मानाला शोभेल असे काम दिले नाही. मुलींत हुकूमशाहीपेक्षा अबोला अधिक चालतो, आणि तो शिक्षकांच्या दृष्टीस फार उशिरा पडतो.

थोरल्यांना शोभेल असे काम कसे देता येते, याचे उदाहरण जुनेच आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले, तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, स्वयंपाकपाणी स्वतः करीत आणि कष्ट करून शिकत. जेथे वाढणारा आणि जेवणारा दोघेही विद्यार्थीच असतात, तेथे थोरलेपणास करण्याजोगे काही असते.

थोरल्यांच्या जुलमाला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगविरुद्ध कायदा केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तो आवश्यकच आहे. परंतु खिडकीची जागा, डब्यातली शेंगदाण्याची चटणी आणि हिसकावलेला चेंडू यांची फिर्याद ठाण्यापर्यंत जात नाही. ती शाळेतच ऐकली गेली पाहिजे.

तेव्हा मुख्याध्यापकांना माझी आग्रहाची विनंती आहे की, येत्या जूनमध्ये पाचवीच्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याच्याच गाडीने येणाऱ्या नववीतल्या एका विद्यार्थ्याचे नाव लिहावे, धाकट्याची जबाबदारी त्याच्याकडे सर्वांदेखत सोपवावी, आणि ती कशी पार पडली याची विचारपूस दर महिन्यास त्या धाकट्याकडेच करावी.