रविवार आणि पवईचे तळे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा बोनस, संप किंवा कंत्राटी कामगार अशा एखाद्या विषयाची असावी. आम्ही ‘गळाने मासे धरणे’ असे सांगितल्यावर पलीकडून क्षणभर काही उत्तर आले नाही. त्यांचा संकोच रास्त होता. मराठीत गळाला चांगले नाव नाही. गोड बोलून कोणाला फसवले की तो गळाला लागला असे आपण म्हणतो, आणि युनियनच्या माणसावर तर हा आरोप मालक आणि विरोधी युनियन दोघेही नेमाने करीत आले आहेत. तेव्हा निदान आज खऱ्या गळाविषयी बोलावे असे आम्ही ठरवले.

आम्ही म्हणजे चौघे. एक टर्नर, एक बसचा कंडक्टर, एक कारखान्याच्या कँटीनमधला आचारी आणि चौथा प्रस्तुत वक्ता. घाटकोपर ते मुलुंड एवढ्या पट्ट्यातच चौघांची घरे. माघ सरत आला की रविवारी पहाटे कांजूरमार्गला भेटावयाचे, आणि उजाडण्यापूर्वी पवईच्या काठाला लागावयाचे, हा आमचा गेल्या वीसएक वर्षांचा परिपाठ.

डोंगरातले तळे म्हटले की कोणाच्या डोळ्यांपुढे हिमालयातले निळे पाणी येईल. आपल्या सह्याद्रीत तसे नाही. आपल्या डोंगरांतली मोठी तळी बहुतेक माणसांनी बांध घालून केलेली आहेत. मुळशीच्या पाण्याकडे पाहताना १९२१ साली तेथे सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला उभे राहिलेले मावळे आठवल्याशिवाय राहत नाहीत. आपल्या उपनगरांतली तिन्ही तळी मुंबईच्या तहानेपोटी झाली. विहार १८६० साली, तुळशी १८७९ साली आणि पवई १८९१ साली. पैकी पहिली दोन आजही शहराला पिण्याचे पाणी देतात, आणि ती राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत असल्याने तेथे गळ टाकण्यास बंदी आहे. ती योग्यच आहे. पवईचे नशीब निराळे निघाले. त्याचे पाणी पिण्याच्या कसोटीला उतरले नाही. पुढे तानसाचे पाणी आले आणि पवईची गरज सरली. नोकरीतून लवकर मोकळ्या झालेल्या माणसासारखे ते तळे मग इतरांच्या उपयोगी पडू लागले. १९३६ साली तेथे गळवाल्यांची एक संस्था निघाली. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन या नावाने ती आज ओळखली जाते.

आता हंगामाविषयी. मासा हा थंड रक्ताचा प्राणी. पाणी गार असले की त्याची भूक मंदावते. माघाच्या अखेरीस उन्हाला जोर येऊ लागतो, काठचे उथळ पाणी आधी तापते, आणि मासे चरण्यासाठी काठाकडे सरकतात. डोंगरावर पांगारा आणि काटेसावर फुललेली असते. पळस पेटावयाचा असतो किंवा नुकताच पेटलेला असतो. शिमग्यापासून गुढीपाडव्यापर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. वैशाखात पाणी फार तापते, त्यात प्राणवायू कमी राहतो, आणि मासा खोल जाऊन सुस्त पडतो. मग काठावर बसून घाम तेवढा मिळतो.

पवईत कटला, रोहू आणि मृगळ ही तीन भावंडे आहेत, आणि त्यांनी पाण्याची वाटणी मोठ्या समजुतीने केली आहे. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. आमचा टर्नर त्यांना पहिली, दुसरी आणि तिसरी पाळी म्हणतो. कोणत्या पाळीचा मासा धरावयाचा त्यावर गळ किती खोल सोडावयाचा ते ठरते. मोराच्या पिसाच्या काडीचा तरंगा, वाटाण्याएवढे शिसे, आणि आमिष म्हणून कणकेची गोळी. कणकेत भाजलेल्या चण्याचे पीठ आणि शेंगदाण्याची पेंड मळण्याचे काम अर्थातच आचाऱ्याकडे. त्यात तो आणखी काय घालतो ते वीस वर्षांत त्याने आम्हाला सांगितलेले नाही. हीच पेंड भिजवून तिचे गोळे आधी पाण्यात टाकावयाचे, म्हणजे मासे त्या जागी येतात. त्यानंतर बसावयाचे. किती वेळ? ते माशाने ठरवावयाचे. तरंगा नुसता थरथरला तर हात आवरावा, कारण तो बारकी चिलापी गोळी कुरतडीत असल्याची खूण. तो तिरपा होऊन सरकू लागला की मग मनगटाचा एक झटका. ओढ मोठी असेल तर दोरी सैल सोडावी, त्याला धावू द्यावे, दमला की गोळा करावी, पुन्हा सोडावी. वाटाघाटी कशा कराव्यात हे आम्ही कोणत्याही पुस्तकापेक्षा येथे अधिक शिकलो.

धरलेला मासा आम्ही परत सोडतो. परदेशात हौशी गळवाले असे करतात आणि त्यामागे माशाचा वंश राहावा हा विचार असतो. आमचे कारण एवढे उदात्त नाही. आसपासच्या वस्त्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे या तळ्यात येत गेले. त्यावर जलपर्णी माजते, ती कुजली की पाण्यातला प्राणवायू खाते, आणि कधी सकाळी मेलेले मासे काठाला लागलेले दिसतात. असे पाहिल्यावर घरी पातेल्यात घालण्यास हात धजत नाही. आचारी या बाबतीत आमच्याशी सहमत नाही. सोडावयाचा तर धरावयाचा कशाला, हा त्याचा प्रश्न कायम आहे. आणि तळ्याच्या आसपासच्या पाड्यांवरच्या ज्या आदिवासी माणसाला तो मासा म्हणजे रात्रीचे कालवण आहे, त्याला आमची ही चिकित्सा परवडणारी नाही, हेही खरे.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. रोहू, कटला आणि मृगळ हे नदीचे मासे. पावसाळ्यात वाहत्या पाण्यात ते अंडी घालतात, साचलेल्या तळ्यात घालीत नाहीत. पूर्वी नदीतून बी गोळा करून आणावे लागे. १९५७ सालच्या जुलैच्या १० तारखेला डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांना पोषग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन बंद पाण्यात अंडी घालावयास लावले, तेव्हापासून देशभर तळी माशांनी भरणे सोपे झाले. म्हणजे आमच्या गळाला जो रोहू लागतो तो कोणीतरी सोडलेला असतो, म्हणूनच तेथे असतो. तळे माणसांचे, मासा माणसांचा. राहता राहिला वार.

तर त्या वाराकडे येऊ. मुंबईच्या गिरण्यांत आरंभी आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना काढली आणि सुट्टीची मागणी लावून धरली. १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे १० हजार कामगार जमले. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कारखाना कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. तेच १८९१ साल पवईचे तळे पुरे होण्याचे. हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही हे आम्हाला कळते. पण काठावर बसल्यावर तो मनात आल्यावाचून राहत नाही.

रविवार हा साहेबाच्या देवळाचा वार म्हणून मिळाला, असे पुष्कळांना वाटते. लोखंड्यांच्या बाजूने तो खंडोबाचाही वार होता. परंतु आम्हाला त्यात याहून मोठी गोष्ट दिसते. सात दिवसांत एक दिवस विश्रांती, एवढेच मागावयाचे असते तर प्रत्येकाला निरनिराळा दिवस देऊन भागले असते, आणि गिरणीही बंद पडली नसती. लोखंड्यांनी मिळवला तो सर्वांचा एकच दिवस. त्या दिवशी भाऊ घरी असतो, शेजारी घरी असतो, सभा भरते, भजन होते, कुस्त्या होतात. एकट्याची सुट्टी झोपेत जाते.

हे आम्ही पुस्तकात वाचून बोलत नाही. गेल्या माघापासून आमचा टर्नर पवईला येत नाही. लालबहादूर शास्त्री मार्गावरचा त्याचा जुना कारखाना बंद झाला. आता तो शहराबाहेर एका ठिकाणी कंत्राटदारामार्फत लागला आहे. कागदोपत्री त्याचे काहीही चुकत नाही. आठवड्याला एक सुट्टी आहे. फक्त ती या आठवड्यात मंगळवारी, पुढच्या आठवड्यात शुक्रवारी, आणि कोणती ते शनिवारी फोनवर कळते. एका मंगळवारी तो एकटाच पवईला जाऊन आला. आम्ही विचारले, काय मिळाले? म्हणाला, दोन चांगले रोहू मिळाले, पण दाखवावयाचे कोणाला? तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी तो घरीच असतो.

१९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. २०२५ च्या सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत वाढवण्यास मान्यता दिली. कामगाराची लेखी संमती पाहिजे, आठवड्याचे तास ४८ च, असे त्यासोबत सांगण्यात आले. लेखी संमती कशी मिळते हे ज्याने कारखान्याच्या दारावर दोन तपे काढली त्याला विचारू नये. बारा तासांचा दिवस आणि येण्याजाण्याचे तीन तास गेल्यावर माणसाजवळ उरतो तो दिवस नव्हे, त्याची साल. मग आठवड्याच्या एका मोकळ्या दिवसावरच सारा भार येतो, आणि तोही चौघांचा चार ठिकाणी.

काठाचेही तसेच. पवईच्या काठाने सायकलींचा रस्ता करण्याचे महापालिकेने काढले होते. काही जणांनी त्याविरुद्ध दाद मागितली, आणि मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ते काम बेकायदेशीर ठरवून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. सायकलीशी आमचे वैर नाही. आमच्या कंडक्टरने उभी हयात सायकलवर काढली. परंतु तळ्याच्या पोटात भराव घालून सहलीची सोय करावयाची आणि त्यातल्या मगरींनी व माशांनी कोठे जावे हे विचारावयाचे नाही, हा न्याय आम्हाला कळत नाही. या तळ्याचे जादा पाणी मिठी नदीत जाते, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठीने काय केले ते येथे बसलेल्यांपैकी कित्येकांनी छातीइतक्या पाण्यात उभे राहून पाहिले आहे.

अमेरिकेत वसंताच्या आरंभी तळ्यांवर बास नावाच्या माशामागे लोक असेच मित्रांबरोबर निघतात. आपल्या खाडीतल्या जिताड्याला इंग्रजीत बास म्हणतात खरे, पण हे साम्य नावापुरते. त्या तळ्यातल्या बासाची खरी सोयरीक, स्वभावाने पाहिले तर, आपल्या मरळीशी आहे. पाणी जरा तापले की तिकडचा नर उथळ तळावर जागा साफ करून घरटे करतो, अंड्यांवर पहारा देतो, आणि जवळ येईल त्यावर तुटून पडतो. म्हणून तेव्हा तो सहज गळाला लागतो. त्या दिवसांत त्याला धरावे की नाही यावर तिकडच्या गळवाल्यांत मोठे वाद आहेत. आपली मरळ पावसाळ्यात विते. तांबूस पिलांचा थवा पाण्याच्या वर येतो आणि खाली आईबाप राखण करीत फिरतात. त्यांना तेव्हा धरले तर थवा तासाभरात इतर माशांच्या पोटात जातो. आमच्यात यावर वाद नाही. पहिल्या पावसापासून आमचे गळ खुंटीला असतात.

यंदाच्या मागणीपत्रात आम्ही एक कलम घातले आहे. एका खात्यातल्या सर्व कामगारांना, कंत्राटी धरून, महिन्यातून निदान दोन रविवार एकत्र सुट्टी मिळावी. पगारवाढीच्या कलमावर समोरच्या अधिकाऱ्यांनी दोन तास घेतले. या कलमावर एकच प्रश्न विचारला: रविवारच कशाला, बुधवारही चोवीस तासांचाच असतो ना? आम्ही त्यांना विचारले, तुमच्या मुलीचे लग्न बुधवारी ठरले तर पाहुण्यांना निरनिराळ्या दिवशी बोलवाल काय? ते हसले, आणि विषय पुढच्या बैठकीवर टाकला. ती बैठक आषाढात आहे. मरळी तेव्हा पिले सांभाळीत असतील, आमचे गळ खुंटीलाच असतील. बैठक कितीही लांबली तरी आमची हरकत नाही.