कर्करोगाची पांगापांग आणि एक चिमुकला रेणू
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



“स्तनातील गाठ समूळ काढली, तरी रोग हाडांत कसा उतरला?” हा प्रश्न आम्हांस आपल्याच मंडळींनी अनेकदा विचारला आहे. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा शस्त्रवैद्याविषयी शंका असते; ती पुष्कळदा अन्यायाची असते. काही पेशी शस्त्रक्रियेपूर्वीच मूळ जागा सोडून गेलेल्या असू शकतात. गाठ गेल्यावर औषधे कशाला, म्हणून उपचार अर्ध्यावर सोडणारी घरे आम्ही पाहिली आहेत. ती औषधे या पळालेल्या पेशींसाठीच असतात.

पेशी जागा का सोडते, हे उमगण्यास एका कृमीचे साह्य झाले, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या या कृमीतील एका चिमुकल्या आरएनएचे कार्य व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्कुन यांनी १९९३ साली उलगडले. त्याबद्दल त्यांस २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. असा सूक्ष्म-आरएनए सुमारे २२ अक्षरांचा. त्यापासून प्रथिन घडत नाही. उलट, प्रथिनाचा हुकूम नेणाऱ्या लांब आरएनएला चिकटून तो त्या हुकुमाची तामिली रोखतो.

२००७ साली अमेरिकेत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत असे दिसले की, स्तनकर्करोगाच्या न पांगणाऱ्या पेशींत मिर-१०बी हा सूक्ष्म-आरएनए वाढविला असता त्या उंदरांच्या शरीरात पांगू लागतात. चालीला आवर घालणारे प्रथिनच तो दाबून टाकतो. याच्या उलट मिर-२०० चे कुटुंब. पेशींना एकमेकींशी सांधणाऱ्या ई-कॅढेरिन या प्रथिनाच्या वैऱ्यांना ते दाबून ठेवते. ते उणावले की सांधा सुटतो आणि पेशी मोकळी होते.

मग मिर-२०० च औषध म्हणून का देऊ नये? आम्हांसही प्रथम तसेच वाटले होते! परंतु २०११ साली उंदरांवरील प्रयोगांत आढळले की, दूरच्या अवयवात पोचलेल्या पेशींना तेथे बस्तान बसविण्यास हेच कुटुंब साह्य करते. निघताना जो अडथळा, तोच मुक्कामी सोबती.

मिर-३४ या दुसऱ्या एका रेणूची नक्कल रोग्यांना देऊन पाहण्यात आली. पण शरीराच्या प्रतिकारयंत्रणेच्या गंभीर प्रतिक्रियांमुळे ती चाचणी २०१६ साली थांबवावी लागली. वर्तमानपत्रातील कात्रण घेऊन ‘ते नवे इंजेक्शन कोठे मिळते?’ असे विचारीत जे आमच्याकडे येतात, त्यांना आम्ही ही हकीकत बसवून सांगतो.