पकडीमागचे दोन हात


१९६४ साली इंग्लंडात लीड्स विद्यापीठातील डॉन रॉबिन्सन यांनी एका बोळाच्या भिंतीत दगड बसवून गिर्यारोहणाच्या सरावाची सोय केली. आज दगडांऐवजी पॉलियुरेथेनच्या ओतीव पकडी येतात. त्या निवडताना आम्ही कामगार माणसे दोन हात पाहतो. पहिला नवशिक्याचा. त्याला मुठीत मावणारी, गोल कडांची मोठी पकड द्यावी. बोटांच्या पेरांवर भार टाकणारी बारीक पकड मागाहून. पकड बोल्टभोवती फिरू नये म्हणून बाजूला स्क्रूही हवा. दुसरा हात ती ओतणाऱ्याचा. त्या रसायनातील आयसोसायनेटच्या वाफेने दमा जडतो. तेव्हा भाव विचारताना हेही विचारा, की कारखान्यात वाफ ओढून घेणारे पंखे आहेत काय? गिऱ्हाईक विचारू लागले, की मालकाला उत्तर द्यावे लागते.