पिंपरीच्या मातीतले अर्धे राहिलेले काम



 विषय बुरशीवरच्या औषधांचा निवडला आहे, कारण २०२१ चा उन्हाळा इतक्या लवकर विसरण्याजोगा नव्हता. करोनातून उठलेल्या माणसांना काळ्या बुरशीने गाठले. देशात पंचेचाळीस हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि अँफोटेरिसिन-बीच्या कुप्यांसाठी नातेवाईक दारोदार फिरले. हे औषध १९५० च्या दशकातले, व्हेनेझुएलातील ओरिनोकोकाठच्या मातीत सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसीस जिवाणूचे. त्याच कुळातले आपले औषध म्हणजे हॅमायसिन. पुण्याजवळच्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. तिथे संशोधक थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधले. ज्या जिवाणूने ते बनवले त्याच्या नावातच गाव आहे : स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. मग ते त्वचेवरच्या आणि तोंडातल्या बुरशीपुरतेच का राहिले? माझे म्हणणे असे, की शोध पुरा झाला होता, पण जिवाणूला शिकवायचे राहून गेले होते.

या कुळातली औषधे बुरशीच्या पेशीपटलातल्या अर्गोस्टेरॉलला धरतात. आपल्या पेशींत त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असते, आणि दोघांची ठेवण इतकी जवळची की औषधाचा हात तिथेही पडतो. मूत्रपिंडे दुखावतात ती त्यामुळे. पण हा दोष अटळ नाही. जिवाणू हा रेणू प्रथिनांच्या साखळीवर घडवतो. एकेक टप्पा कार्बनचे दोन-दोन दुवे जोडत जातो आणि प्रत्येक टप्प्यामागे एक जनुक-तुकडा असतो. नॉर्वेतील ट्रॉन्हाइमच्या संशोधकांनी २००० साली याच कुळातल्या निस्टॅटिनची ही जनुके उलगडली. पुढे एका टप्प्यातले एकच काम बंद पाडताच अँफोटेरिसिनसारखे सात दुहेरी बंध असलेला निस्टॅटिन तयार झाला. डब्लिनमध्ये अँफोटेरिसिनच्या जिवाणूतले आणखी एक जनुक थांबवले, तेव्हा रेणूवरच्या कार्बॉक्सिल गटाच्या जागी मिथिल राहिला. बुरशी मारण्याची ताकद टिकली आणि तांबड्या रक्तपेशी फुटण्याचे प्रमाण पुष्कळ घटले. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो, कारण गुण आणि घात एकाच गाठीत बांधलेले नाहीत हे त्याने दाखवून दिले.

रसायनशास्त्रज्ञ विचारतील, हे काम प्रयोगशाळेतल्या संश्लेषणाने का करू नये? अँफोटेरिसिनचे संपूर्ण संश्लेषण १९८७ सालीच झाले आहे, आणि ते अफाट कौशल्याचे काम होते. तरीही कारखान्यांत आजही जिवाणूच राबतो. इतक्या वळणांचा रेणू टनावारी आणि परवडणाऱ्या दरात दुसरे कोणी बनवून देत नाही. मेदाच्या थेंबांत गुंडाळलेले अँफोटेरिसिन मूत्रपिंडांना कमी जाचते हे खरे, पण त्याची किंमत २०२१ मध्ये घराघरांनी मोजली आहे. बदललेल्या जिवाणूंची भीती ही दुसरी हरकत. इथे स्टीलच्या बंद टाकीत आंबवणे आणि शेतात फवारणे यांत फरक केलाच पाहिजे. टाकीतून रेणू बाहेर येतो, जिवाणू येत नाही. त्याला शेतात सोडण्याची वकिली मी करत नाही.

तिसरी हरकत मात्र मला स्वतःला अस्वस्थ करते. शेतात वापरलेल्या अ‍ॅझोल बुरशीनाशकांमुळे अ‍ॅस्परजिलस फ्युमिगॅटस या बुरशीचे काही वाण दवाखान्यातल्या अ‍ॅझोलांनाही दाद देईनासे झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सर्वांत घातक बुरशींच्या यादीत तिला वरच्या गटात ठेवले, आणि त्याच गटात कँडिडा ऑरिसही आहे. पिंपरीच्याच ऑरिओफंजिनचा उपयोग पिकांसाठी झाला, आणि तेही हॅमायसिनच्याच कुळातले. म्हणून नव्याने घडवलेला प्रत्येक रेणू कोणाच्या वाट्याचा, हे पहिल्या टाकीत जिवाणू घालण्याआधी ठरले पाहिजे. रुग्णाला द्यायचे औषध द्राक्षबागेत जाऊ नये. बागेसाठी बॅसिलससारख्या दुसऱ्या जिवाणूंची, दुसऱ्या घडणीची संयुगे आहेत. त्यांची जनुकेही तितक्याच मेहनतीने वाचावी लागतील. स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिनाच्या बाबतीत हे काम आपल्या विद्यापीठांतल्या तरुणांनी हाती घ्यावे अशी माझी विनंती आहे. पिंपरीत साठ वर्षांपूर्वी ज्या साखळीचे फक्त शेवटचे टोक हाती लागले होते, तिचा एकेक टप्पा आता उघडून पाहता येतो.