सिंकखालचें ओलें कपाट

जुन्या घरांत मोरी उघडी असे. पाणी कोठें सांडलें, कोठें मुरलें, हें घरांतल्या सर्वांना दिसे. ओट्याला सिंक बसलें, त्याखालीं दारें लावून कपाट झालें, आणि पाण्याचा सारा कारभार डोळ्यांआड गेला. आतां पहिली वर्दी मिळते ती नाकाला. दार उघडतांच कुबट वास येतो. तोंवर तळाची फळी फुगलेली असते.

अशा वेळीं सुताराला बोलावण्याची घाई होते. वास्तविक सुताराचें काम सर्वांत शेवटचें. पाणी येतें कोठून, याचा छडा लागल्यावांचून नवी फळी घालणें म्हणजे ती भिजण्यासाठींच घालणें होय.

त्याहीपूर्वीं एक खबरदारी. पुष्कळ घरांत जलशुद्धीकरण यंत्राचा प्लग याच कपाटांत असतो. ओल तेथवर पोंचली असेल, तर आंत हात घालण्यापूर्वीं घराचा मुख्य स्विच बंद करावा, आणि तोहि कोरड्या हातानें. ओल्या जागचा विजेचा धक्का प्राणावर बेततो.

मग कपाट रिकामें करून नळ्या फडक्यानें पुसाव्या व तळाशीं जुनें वर्तमानपत्र पसरावें. सिंक न वापरतां कागद भिजला, तर दोष पाणी आणणाऱ्या नळींत किंवा तिच्या तोटींत समजावा; तेथें पाण्याचा दाब सतत असतो. कागद कोरडा राहिला, तर सिंकला बूच लावून तें भरावें आणि पाणी एकदम सोडावें. आतां थेंब पडले, तर सिंकच्या जाळीचा सांधा व त्याखालचा बाटलीसारखा ट्रॅप तपासावा. बहुधा रबरी वॉशर झिजलेला निघतो. तिसरी जागा फसवी. सिंकची कड व ओट्याचा दगड यांमधलें सिलिकोन सुटलें, की भांडीं घासतांना उडालेलें पाणी फटींतून उतरतें, आणि आळ येतो बिचाऱ्या नळ्यांवर.

गळती थांबल्यावर दारें उघडीं ठेवून, पंखा लावून कपाट वाळवावें. वरून कोरडी दिसणारी फळी आंतून ओली असते. कित्येक दिवस लागतात, पावसाळ्यांत अधिकच. घाईनें रंग दिला, तर ओल आंत कोंडते व बुरशी धरते.

वाळल्यावर स्क्रूड्रायव्हरच्या टोंकानें फळी टोंचून पाहावी. टोंक रुतत नसेल, तर काचकागदानें घासून, प्रायमर व ऑइलपेंट देऊन ती राखतां येते. प्लायवूड पाणी पितें तें कडांनीं आणि नळीसाठीं पाडलेल्या भोंकांतून. वरची बाजू चकचकीत करून नेमक्या याच जागा कोऱ्या सोडण्याची वाईट चाल आहे. भुशाच्या फळीची गोष्ट वेगळी. भुसा चिकटद्रव्यांत दाबून केलेली ती फळी एकदां फुगली, की वाळूनहि पूर्ववत् होत नाहीं. तिच्यावर पैसा खर्चूं नये.

नवी फळी घेतांना ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर भुलूं नये. ‘एम. आर.’ जातीचें प्लायवूड दमटपणा सोसतें, सांचलेलें पाणी नव्हे. सिंकखालीं आय. एस. ७१० या मानकाचें प्लायवूड घ्यावें, अथवा सरळ कडाप्प्याची लादी टाकावी. ती फुगत नाहीं, तिला वाळवी लागत नाहीं. मात्र वजनामुळें खालीं भक्कम आधार हवा. नळी आड येत असल्यास फळी दोन तुकड्यांत कापून सांध्याखालीं पट्टी द्यावी. भिंतीकडची फट सिलिकोननें बुजवावी. पुढची फट मात्र मोकळी ठेवावी, म्हणजे पुन्हा गळती झालीच, तर पाणी आंत न सांचतां फरशीवर येऊन दिसेल.